सात वर्षांची सावली

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. हिमनद्यांवर लक्ष ठेवणाऱ्या कचेरीत खिडकीपाशी माझी जागा. माझ्या आतला पंखा घरघरतो, म्हणून सगळे मला ‘दमेकरी आजोबा’ म्हणतात. नवा होतो तेव्हा मात्र माझ्याभोवती खुर्च्या ओढून माणसं बसायची. उपग्रहाने आकाशातून टिपलेले डोंगर आधी माझ्याच पडद्यावर उमटायचे. पुढे सडपातळ नवी यंत्रं आली आणि माझ्याकडे जुनी चित्रं सांभाळणं तेवढं उरलं.

आता माझ्यासमोर फक्त एक ताई बसते. दर वर्षी उन्हाळा सरताना, नवा बर्फ पडण्याआधीचं निरभ्र चित्र निवडायचं आणि हिमनदीची कड हाताने आखायची, हे तिचं काम. कड दर वर्षी थोडी मागे सरकलेली असते. त्या कडेखाली एक काळा डाग होता. आकाशातून डोंगराची सावली काळी दिसते आणि खोल पाणीही काळंच दिसतं. पहिल्या वर्षी कुणीतरी त्या डागावर ‘सावली’ असं लिहिलं. पुढच्या वर्षी तेच उतरवलं गेलं. अशी सात वर्षं गेली. ती खूण माझ्याच पोटात होती आणि मी ती निमूटपणे काढून देत होतो.

यंदा हंगामाच्या शेवटी ढग काही हटेनात. नाइलाजाने ताईने भर उन्हाळ्यातलं चित्र घेतलं. आखता आखता तिचा हात थांबला.

“साहेब, जरा बघता का? या चित्रात सूर्य चांगला वर आहे. मग सावली आखडायला हवी ना? ही तर दुप्पट झालीय.”

“अगं, सात वर्षं सावलीच आहे ती. विचार हवं तर आजोबांना!” साहेब हसत आले. त्यांनी वाकून पाहिलं आणि त्यांचं हसू विरलं. “सावली नाही ही. तळं आहे. दगडमातीच्या बांधाने अडलेलं.”

त्याच तळ्याखालच्या खोऱ्यात, नदीकाठी ताईचं माहेर. तिची चार वर्षांची लेक आजीकडे राहायला गेलेली. ताईने तिथल्या तिथे फोन लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला.

“आई, नदीला पूर येईल. चिमणीला घेऊन वरच्या मामाकडे जा. आत्ता.”

“काय बाई तुझं! परवा खोकला, काल विंचू, आज काय नवीन? कपडे वाळत घालतेय मी. आणि नदीचं म्हणशील तर उलट आटलीय. सकाळपासून घोटाभर पाणी आहे.”

“वर पाण्याची वाट बुजलीय. तळं तुंबतंय, बांध कधीही फुटेल,” असं म्हणत साहेब खालच्या वस्त्यांना कळवायला दुसऱ्या फोनकडे धावले.

“आई, चपला शोधत बसू नकोस. उचल तिला आणि चढ. फोन बंद करू नकोस.”

मित्रांनो, तो फोन अजून माझ्यासमोर टेबलावर चालू आहे. धापा ऐकू येतात, पायांखालून घरंगळणारे खडे ऐकू येतात. मला पळता येत नाही, ओरडता येत नाही. म्हणून तुम्हाला विनवतो, कालचं उत्तर उतरवून घेताना एकदा तरी आपल्या डोळ्यांनी बघा. आणि कुणी उगाच घाबरतंय असं वाटलं, तरी आधी त्याचं ऐका. हसायला नंतर वेळ असतो.

“आजी, आलं का घर?” चिमणी विचारते.

आजीला बोलायला दम नाही. टेबलाची कड घट्ट धरून ताईच इथून म्हणते, “नाही गं राणी. अजून वर. अजून.”