पराभवाची नक्कल

परभणी जिल्हा मुंबई राज्यात सामील झाला, त्याच्या पुढल्या वर्षीची ही गोष्ट. वालूरच्या तालमीची रीत अशी होती, की मैदानात हरून आलेल्या मल्लाने दुसऱ्या सकाळी सर्वांआधी येऊन हौद्यातली तांबडी माती खोऱ्याने उकरावी. मल्हारी धनगर जिंतूरच्या जत्रेत भुजंग नावाच्या मल्लाकडून चीत झाला, तेव्हा त्यालाही खोरे उचलावे लागले. भोवती पोरे खाली मान घालून बसली होती. ते मौन त्याला सोसवेना. म्हणून त्याने खोरे टाकले आणि कातरायला उताणी पाडलेल्या मेंढीसारखे हातपाय वर करून आपल्याच पराभवाची नक्कल केली. तालीम खदाखदा हसली. वस्ताद दत्तराव तर डोळे पुसत म्हणाले, की असा हसणारा गडी मनाने मोडायचा नाही.

त्या दिवसापासून नक्कल त्याच्या गळ्यात पडली, ती वर्षभर सुटली नाही. तालमीत पाहुणा आला की मल्हारीला बोलावणे येई. लोक हसत तेवढा वेळ छातीवरचे ओझे हलके होई, आणि ते पांगले की दुपटीने परत येई. भाकरीचा घास तोंडात फिरत राही. अंथरुणाला पाठ टेकली की भुजंगाचा गुडघा बरगडीत रुते. जत्रा पुन्हा जवळ आली, तशी त्याला एकच गोष्ट हवी होती : यंदाचे मैदान टळावे, आणि त्याचे कारण कोणीतरी खरे मानावे.

हौद्यात ताक-हळद घालून सारे माती तुडवीत असताना त्याने धीर केला.

"वस्ताद, औंदा मला उतरवू नका. जीव लय घाबरा व्हायलाय. झोप न्हाई."

पोरांत खसखस पिकली. आता हा उताणा पडणार म्हणून दत्तरावांनी क्षणभर वाट पाहिली. तो पडला नाही, तेव्हा त्यांना तो विनोद अधिकच कसलेला वाटला. लेकाचे तोंड तर बघा, असे म्हणत त्यांनी भुजंगाशीच त्याची जोड ठरवून टाकली.

मैदानात सलामीला दोघांनी हात मिळवले. ते लगेच सुटायचे असतात, मल्हारीचा सुटेना. गर्दी हसू लागली. ती गार पडलेली बोटे एकट्या भुजंगाला कळली.

"भ्यालास का रं?" त्याने हळूच विचारले.

"व्हय."

वर्षभरात हा प्रश्न मल्हारीला कोणी केला नव्हता, आणि केला तोही पाडायला उभ्या असलेल्याने. भुजंगाने कुस्ती लांबवली नाही. मानेखाली हात देऊन, तान्ह्या पोराला निजवावे तसे त्याने मल्हारीला चीत केले.

दुसऱ्या सकाळी मल्हारी माती उकरीत होता. दत्तराव काठावर येऊन बसले. जत्रेतून निघताना भुजंगाने त्यांना गाठून सलामीच्या वेळचे सांगितले होते. नजर मातीवरच ठेवून त्यांनी विचारले, "त्या दिशी बोललास, ते खरंच व्हतं का?"

खोरे थांबले. पोरांनी कान टवकारले. उत्तर त्याच्या ओठांपर्यंत आले होते. परंतु त्या शांततेत वर्षभराची सवय त्याच्या आधी बोलून गेली.

"खरं कसलं, वस्ताद. वर्षाची झोप तुंबली व्हती, ती मैदानात उताणं पडून काढली."

तालीम हसली. दत्तरावही हसले, सुटका झाल्यासारखे, आणि उठून गेले. मल्हारी उकरलेलीच माती पुन्हा उकरीत राहिला.