चाकामागच्या विटा

"पुन्हा ओढ," ती म्हणाली आणि मागच्या डाव्या चाकाशी उकिडवी बसून तिने कान पत्र्याजवळ नेला.

गाडीत बसलेल्या नवऱ्याने पार्किंग ब्रेकचं बटण दोन बोटांनी वर ओढलं. उजव्या चाकातून ब्रेक आवळणाऱ्या मोटरची गुरगुर आली आणि थांबली. डावं चाक गप्प.

"एकाच बाजूचा आवाज येतोय. डावीकडची मोटर फिरतच नाहीये."

"वहिनी, गाडी आहे हो ती, बाळाची छाती नाही," फाटकाला रेललेला कॅप्टन म्हणाला. "डॉक्टरची नळी आणून देऊ का?"

नवरा मोठ्याने हसला. कॅप्टनच्या विनोदाला तो नेहमीच गरजेपेक्षा जास्त हसायचा.

कॅप्टन ना कुठल्या सैन्यात होता, ना जहाजावर. विमा कंपनीत तो अर्ज तपासायचा. पण रविवारी ओढ्यानाल्यांतून गाड्या घालणाऱ्या नऊ जणांचा तो म्होरक्या होता, आणि ही पदवी त्याला कुणी दिली असं विचारलं की उरलेले आठ जण एकमेकांकडे बघायचे. आजही ही मंडळी गाड्यांच्या दारांपर्यंत चिखलात रुतून, दोर बांधून एकमेकांना बाहेर ओढून, त्या ओढाओढीचे फोटो काढून परतली होती. मग नवऱ्याने दोन तास गाडी धुतली. धुतली म्हणजे टप धुतला, काचा पुसल्या, बोनेटला मेण चोळलं. दोन्ही दारांवरचा चिखलाचा पट्टा मात्र मुद्दाम ठेवला. तो गल्लीतल्या चार लोकांना दिसायला हवा होता. खाली वाकून बघायचं कुणाला सुचलं नव्हतं. चाकांच्या आतल्या बाजूला पिवळट गाळ लिंपून ठेवल्यासारखा बसला होता.

परतीच्या वाटेवर डॅशबोर्डवर ब्रेकचा पिवळा दिवा लागला होता. "सेन्सर ओला झालाय, वाळला की जाईल," असं निदान करून कॅप्टनने दिव्यावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून दिला होता. हे नवऱ्यानेच तिला सांगितलं, आणि तेही कौतुकाने. दोन पदव्या घेतलेला माणूस. तिने तेव्हा त्याच्या हातातला ओला टॉवेल घेतला होता.

ब्रेकचे ते दोन आवाज तिला पाठ होते. त्यांची ठकी तान्ही असताना गाडीतच झोपायची. घरी पोचून ब्रेक ओढला की आधी उजवी, मग डावी मोटर गुरगुरायची आणि पोरगी दचकून उठायची. त्या दोन आवाजांपुरता श्वास धरून बसायची सवय तिला तीन वर्षांनीही सुटली नव्हती. आज धरलेला श्वास सोडायचा कधी, तेच कळेना.

"चल, दाखवूनच टाकू एकदाचं," नवरा म्हणाला. त्याने गाडी न्यूट्रलमध्ये घेतली, ब्रेक ओढला आणि खाली उतरला. दोघांनी बोनेटला हात लावून उताराच्या दिशेने गाडी ढकलली. चेहरे लाल झाले. गाडी तसूभरही हलली नाही.

"झालं समाधान?" कॅप्टनने हात झटकले.

"निदान गिअरमध्ये तरी टाकून ठेव," ती नवऱ्याला म्हणाली. तिच्या वडिलांनी तिला गाडी शिकवताना पहिला धडा तोच दिला होता.

"ते तुझ्या बाबांच्या गाड्यांना लागायचं. ही गाडी स्वतः विचार करते."

"बरं आहे. कुणीतरी करतंय."

कॅप्टन हसला. नवऱ्याने किल्ली खिशात टाकली.

घरासमोरच्या त्या उताराच्या तळाशी फाटक होतं, आणि फाटकाच्या आतल्या बाजूला चार हात सपाट फरशी. ठकीची खडूने चित्रं काढायची जागा तीच. गाडीच्या बरोब्बर मागे. दुसरं काहीही तिने हसण्यावारी नेलं असतं.

सोमवारी सकाळी नवरा ऑफिसच्या बसने गेला आणि ती कचरा टाकायला बाहेर आली, तेव्हा मागच्या दोन्ही चाकांमागे एकेक वीट दिसली. फुलझाडांच्या वाफ्याची कड मोडून आणलेली. ठकी हल्ली सगळ्या वस्तूंची घरं बांधत होती. चपलांचं घर, चमच्यांचं घर. बापाने मदत केली असणार; नसते उद्योग करायला त्याच्याकडे वेळच वेळ होता. वाफ्यातली माती घसरून फरशीवर आली होती. विटा परत लावायला म्हणून ती वाकली, तेवढ्यात आत ठकीने काहीतरी सांडलं आणि ते राहून गेलं.

मंगळवारी तिने वर्कशॉपला फोन लावला. फोनवर एक मेकॅनिक बाई आली. आवाजावरून पन्नाशीची, आणि कंटाळलेली.

"चिखलात घातली होती ना?" बाईने पहिलाच प्रश्न विचारला. "आणि वरून चकाचक धुतली असेल."

"मेणसुद्धा लावलंय."

"लावणारच. शुक्रवारी घेऊन या, त्याआधी जागा नाही. तोवर साध्या पाइपने चाकांच्या आतून धुऊन घ्या. जोराची धार मोटरवर मारू नका, पाणी आत जातं. मग पायाचा ब्रेक दाबून ते बटण पाचसहा वेळा ओढा, सोडा. दोन्हीकडून आवाज यायला हवा. आणि हे सगळं सपाटीवर. गाडी गिअरमध्ये ठेवून."

"मी नेहमी पहिल्या गिअरमध्येच ठेवते," ती म्हणाली. ते सांगताना तिला बरं वाटलं.

सपाटी म्हणजे रस्ता. अशा ब्रेकची गाडी रस्त्यावर काढायची तिची छाती होईना. उतारावरच धुवायचं तिने ठरवलं. ठकीला वरच्या पायरीवर खडू देऊन बसवलं, तिथून हलायचं नाही असं तीनदा बजावलं, आणि चाकाशी बसून पाइप आत धरला.

गाळ सुटेना. मग एकदम सुटायला लागला, भिजलेल्या कणकेसारखा, गोळ्यागोळ्यांनी. त्यात गवताच्या काड्या होत्या, शिंपल्याचा तुकडा होता. प्रत्येक गोळ्यासरशी तिला नवऱ्याचं एकेक वाक्य आठवत होतं. सेन्सर ओला झालाय. ही गाडी स्वतः विचार करते. तुला ना, कशातही खोट दिसते. संध्याकाळी त्याला काय ऐकवायचं, त्याची तिने मनात जुळवाजुळव केली. पहिलं वाक्य चांगलं जमलं होतं. दुसरं याहून चांगलं. डावं झालं, उजवं झालं. चाकांच्या तबकड्या लखलखीत दिसायला लागल्या. ती उठली आणि भिंतीकडचा नळ बंद करायला गेली.

नळ पिळून वळली, तर वरच्या पायरीवर नुसते खडू होते.

ठकी खाली फरशीवर, गाडीकडे पाठ करून, उकिडवी बसली होती. ओल्या फरशीवर खडू उमटत नाही म्हणून तो आणखी जोराने दाबत होती. आणि गाडी हलली. आवाज न करता, कुणी झोपेत कूस बदलावी तशी, वीतभर मागे आली. विटांना टेकली. एक वीट कडेला फुटली. गाडी थांबली.

तिने पोरीला कधी उचललं ते तिला कळलं नाही. पायरीवर बसली तेव्हा पाइप अजून हातातच होता. बऱ्याच वेळाने ती उठली, घरातली दुसरी किल्ली आणून गाडीत बसली, पायाचा ब्रेक दाबला आणि गिअरचा दांडा हलवून पाहिला. तो न्यूट्रलमध्ये होता. रविवारी ढकलून दाखवल्यापासून तिथेच. शेवटी गाडीत कोण बसलं होतं, हे तिला आठवलंच नव्हतं. वाक्यं जुळवण्यात गेली होती सकाळ.

तिने पहिला गिअर टाकला.

"परवा दोघांनी ढकलली तेव्हा हलली नव्हती," तिने फोनवर मेकॅनिक बाईला सांगितलं.

"कशी हलणार? ब्रेकने नाही, वाळलेल्या चिखलाने धरली होती ती. तो तुम्ही धुतलात. डावी मोटर बंदच आहे, आणि उजवीकडचे ब्रेकचे पॅड चिखलाने खरवडून संपले असणार. नशीब गिअरमध्ये होती."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"होती ना?"

"विटा होत्या," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिने ठकीला मांडीवर ओढलं. "ठके, तुझ्या घराच्या विटा फार उपयोगाला आल्या हं."

"माझ्या नाहीत," ठकी खडूचं बोट फ्रॉकला पुसत म्हणाली. "बाबाने ठेवल्या. आईला सांगायचं नाही म्हणाला."

संध्याकाळी नवरा आला तो कॅप्टनला बरोबर घेऊनच. शनिवारचा बेत ठरायचा होता. ठकी आत दूध पीत होती. ती स्वतः दारात उभी राहिली. सकाळची दोन्ही वाक्यं अजून तिच्या जिभेवर होती, आणि त्यांच्या मागे तिसरं, नवीन, सगळ्यांत धारदार. म्हणजे याला ठाऊक होतं. पटलं होतं. पोरीला विश्वासात घेऊन विटा लावण्याइतकं पटलं होतं, फक्त मित्रासमोर तोंड उघडण्याइतकं नाही.

"काय वहिनी, सापडला का ठोका?" कॅप्टनने विचारलं, आणि मग त्याची नजर खाली गेली. "हे काय रे? विटा? बैलगाडी झाली की काय तुझी?"

नवऱ्याने विटांकडे पाहिलं. त्या आता चाकाला घट्ट भिडल्या होत्या आणि एकीचा कोपरा उडाला होता. ते त्याच्या लक्षात आलं, हे तिला त्याच्या मानेवरून कळलं.

"ते... पोरीचं काहीतरी चालू असतं," तो म्हणाला.

ती दोन पायऱ्या खाली उतरली.

"पोरीचं नाही, भाऊजी," ती म्हणाली. "मी सांगितलं होतं त्याला ठेवायला."

नवऱ्याने वर पाहिलं. तिने नजर काढली नाही. कॅप्टन हसला, पण त्याच्या हसण्याला या वेळी जोड मिळाली नाही, तसा तो लवकर थांबला.

"बरं, मग शनिवारी सहाला," तो म्हणाला.

नवऱ्याने गाडीचं दार उघडलं, किल्ली फिरवली आणि आत वाकून नखाने काहीतरी खरवडू लागला. चिकटपट्टी चांगली बसली होती. एका फटक्यात निघाली नाही. तुकड्यातुकड्याने काढून त्याने ती मुठीत धरली आणि दार उघडंच ठेवून बाजूला झाला.

पिवळा दिवा फाटकापासूनही दिसत होता.