सन २००९ची भिंत

जरा पुढं सरका. या खांबाला पाठ लावून बसा. पंखा तिकडं आहे, ठाऊक आहे मला, पण कथा इकडं आहे. आज देवाची नाही, या मागच्या भिंतीची कथा सांगतो. ऐकताना राग आला तर येऊ द्या. मला अजून येतो.

आमच्या बेलसांगवीचा हा कीर्तनमंडप. समोरून उघडा, सोळा सागवानी खांब, मागं ही एकच जाड चुन्याची भिंत, तिच्यात काही गोल भोकं, हवेसाठी असतील असं आम्ही समजायचो. कोणी बांधला, कधी बांधला, कागद नाही. माझ्या लहानपणी बुवा साध्या आवाजात बोलले तरी रस्त्यापलीकडच्या कडुलिंबाखाली शब्द न् शब्द पोचायचा. म्हातारे म्हणत, इथं देव कान लावून बसतो.

मग २००९ साली सप्ताहाला पंचाहत्तर वर्षं झाली आणि आम्हा भक्तांच्या अंगात उत्साह शिरला. भिंत चकाचक करायची! चकचकीत टाइल्स, प्रत्येकीवर गावातल्या एका गेलेल्या माणसाचं नाव, आणि मधोमध मोठ्या अक्षरांत ‘सन २००९’. नावांची यादी मीच लिहिली, वळणदार अक्षरात.

चुन्याचं काम जाणणारा गावात एकच माणूस उरला होता, रऊफ मिस्त्री. तो हात जोडून म्हणाला, “भाऊ, चुन्याची भिंत श्वास घेते. आन् हिच्या पोटात मडके बसवले हायेत, आवाजासाठी. माह्या आज्यानं मले दाखवले होते. त्यायचे तोंडं बुजवू नका.”

आमच्या भक्तांतला मदनसिंग म्हणाला, “काहून मिस्त्री, भिंतीले दमा झाला काय?”

सगळे हसले. मीही हसलो. रऊफनं काम घेतलं नाही. आम्ही कारंज्याहून कारागीर आणला. त्या वर्षापासून मंडपातला आवाज मेला. आम्ही म्हणालो, आजकालच्या बुवांच्या गळ्यात दम नाही, आणि भोंगे लावले.

आता उत्तररंग ऐका.

नगरपंचायतीत बांधकामाच्या परवानगीला तीन जणांची समिती होती. दोघं आले की तिसरा रजेवर. रऊफच्या पोराला, वसीमला, दुकानाचं शटर बदलायला चौदा महिने लागले हो! म्हणून गेल्या साली ‘सात दिवसांत परवानगी’ सुरू झाली तेव्हा आम्ही पेढे वाटले. मोबाइलवर अर्ज, रस्त्यावरून काढलेला एक फोटो, हरकत आली नाही तर आठव्या दिवशी मंजूर. चांगलंच होतं ते. मी आजही म्हणतो, चांगलंच आहे.

पण एक दिवस वसीम कचेरीत पाण्याची बाटली भरायला गेला आणि कूलरच्या मागं चिकटवलेली नोटीस त्याला दिसली. कोण्या ठेकेदाराचा अर्ज: कीर्तनमंडप पाडून दुकानांचे गाळे. बांधकाम वर्ष: २००९. जुनेपणाचे महत्त्व: निरंक. सातातले पाच दिवस गेले होते!

मी आणि गोजराबाई तसेच कचेरीत गेलो. गोजराबाई मंडप झाडते, सांजवात लावते. तिचा नवरा जगदेव, २००९च्या आधीच गेलेला, तीस वर्षं इथं जाजम अंथरायचा. सगळ्यांच्या आधी यायचा, सगळ्यांच्या मागून जायचा, आणि कीर्तन ऐकायचा उभ्यानं, जाजमावर जागा कमी पडू नये म्हणून.

इंजिनीअर राजपाल साहेबांनी फोटो दाखवला. “काका, तुमच्याच भिंतीवर लिहिलंय. सन २००९.”

“अहो, ते टाइल्सचं साल आहे! मंडप दोनशे वर्षांचा असंल.”

“पुरावा?”

“खांब पाहा ना आत येऊन!”

“अर्जात आत जायचा रकाना नाही, काका.”

गोजराबाई उसळली. “रकाना नाई? देवाच्या दारात पाय ठेवाले तुले रकाना लागते? पाडाले निघाला न् घर पाह्यलं नाई! पोरगी पाहाले गेला असता त फोटोवर लगन लावलं असतं काय रे?”

साहेब लाजले. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, “माय, परवा सकाळी मी येतो. भिंत जुनी आहे हे डोळ्यांनी दिसू द्या. मग हरकत मीच लिहितो.”

दिसणार कसं? टाइल्स काढल्याशिवाय नाही. ठरल्या सकाळी रऊफ छन्नी-हातोडा घेऊन आला, आणि भिंतीपुढं कोण उभं? मदनसिंग.

“माह्या बापाच्या नावावर छन्नी चालवता? हात लावून दाखवा!”

मागून आणखी चारजण. “माह्या मायचं नाव हाये तिथं!” कोणाला काय बोलणार? ती नावं मीच लिहून दिली होती. रस्त्यावर थांबलेले साहेब घड्याळ पाहू लागले. मी खाली मान घालून उभा, माझीच मला चीड येत होती.

गोजराबाई पुढं झाली. “रऊफभाऊ, माह्या मालकापासून सुरू करा.”

“भाबी, टाइल साबूत नाई निघणार. सिमेंटात बसवली हाये.”

“फुटू द्या. जलमभर त्यानं लोकायसाठी जागा सोडली. आज भिंतीवरची सोडंल.”

रऊफनं टोपी सारखी केली, तोंडातल्या तोंडात काही म्हटलं आणि घाव घातला. ‘जगदेव’ मधोमध तडकला. तुकडे पडले. मागं पिवळट चुना, आणि चुन्यात वीतभर तोंडाचं मडकं, आत नुसता अंधार.

मदनसिंगच पुढं आला, वाकून मडक्यात पाहिलं, म्हणाला, “मिस्त्री, त्या वक्ती आमी हासलो होतो.”

“हासू द्या हो. आता बाजूले सरका, तुमच्या बापाची बारी हाये.”

दुपारपर्यंत एकोणीस मडकी उघडी झाली. गोजराबाईनं भिंतीकडं तोंड करून हलकेच म्हटलं, “विठ्ठल.” ते रस्त्यावर चहा पीत उभ्या असलेल्या राजपाल साहेबांना ऐकू गेलं. त्यांनी पेला खाली ठेवला, चपला काढल्या आणि आत आले. पहिल्यांदा.

मंडप वाचला. गावातल्या जुन्या इमारतींच्या यादीत त्याचं नाव लागलं. परवानगी आजही सात दिवसांतच मिळते. अर्जात फक्त एक ओळ वाढली: ‘आत जाऊन कोणी पाहिले?’ आणि पुढं सही. अहो, एवढीच ओळ! ती पहिल्या दिवशी सुचायला काय यज्ञ लागत होता? आणि आम्ही भक्त? ज्या भिंतीनं आम्हाला देवाचं नाव ऐकवलं, तिचेच कान आम्ही आमच्या माणसांच्या नावांनी बुजवले. कचेरीनं फोटो पाहिला, पण फोटोत दिसणारं खोटं साल आम्ही लिहिलं होतं. त्या रागातून मी स्वतःला सोडत नाही.

आज भिंतीवर एकही नाव नाही. जगदेवाचे तुकडे गोजराबाईनं ओच्यात भरून नेले. म्हणून म्हणतो, भोंगा नसताना आज बुवांचा शब्द तुमच्यापर्यंत पोचेल, तेव्हा बसल्या जागी जाजमावर एकदा हात फिरवा. आणि तो उभ्यानं ऐकणारा जगदेव, त्याची आठवण ठेवा.