तिसरं कर्ज

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मेस्त्रींनी बायकोच्या आजारपणात तीन कर्जं काढली होती. ती गेली आणि सहा महिन्यांत हप्ते थकले. वसुलीवाले फोनवर वाटेल ते बोलायला लागले, तेव्हा कुठे मुलीला कळलं. ती रजा टाकून सासरहून आली आणि बापाला घेऊन कर्जाबाबत सल्ला देणाऱ्या बाईंकडे गेली.

"काका, तीन वाटा आहेत," बाई म्हणाल्या. "हप्ता लहान करून मुदत वाढवायची. नाहीतर एकरकमी तडजोड. बँक बरंच सोडेल, पण पुढे तुम्हाला कुणी कर्ज देणार नाही. तेही नाही जमलं तर दिवाळखोरीचा अर्ज."

"मुदत वाढवली तर कधी फिटेल?"

"तुम्ही सत्तरीला याल तेव्हा."

"चालेल," मेस्त्री म्हणाले.

"काय चालेल?" मुलगी म्हणाली. "आत्ताच तुम्हाला शिडी चढवत नाही. तडजोडच करू."

तडजोडीसाठी कुठलं कर्ज का काढलं, ते अर्जात लिहायचं होतं. संध्याकाळी दोघं टेबलाशी बसली. बाप सांगत होता, मुलगी लिहीत होती. पहिलं ऑपरेशनचं, दुसरं दवाखान्याच्या बिलाचं. तिसऱ्याला मेस्त्री अडले. मुलीनं कागद चाळले.

"बाबा, डॉक्टरांनी हात टेकले ते पाच तारखेला. हे कर्ज त्याच महिन्याच्या बावीस तारखेचं आहे."

"दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं होतं. महागाची इंजेक्शनं होती."

"आई तयार होती?"

मेस्त्रींनी पसरलेले कागद एकावर एक रचले. मग म्हणाले, "नव्हती. म्हणाली, आता मला घरी पडू दे आणि पोरीला बोलावून घे. मी म्हटलं, आधी बरी हो, मग बोलावू."

शेवटी मुलगी आली होती तेव्हा आईची शुद्ध हरपलेली होती. दोन दिवस ती नुसती उशाशी बसून होती. आता तिनं पेन खाली ठेवलं.

"मला का नाही कळवलं?"

"तू तिचंच ऐकलं असतंस." मेस्त्रींनी तिसऱ्या कर्जाचा कागद स्वतःकडे ओढला. "म्हणून हे तिसरं मला पुरतं फेडायचंय. यातला एक पैसाही बँकेनं सोडायला नको."

"फेडून काय होणार आहे, बाबा?"

ती उठून मोरीत गेली, नळ सोडून बराच वेळ तिथेच उभी राहिली. परत आली तेव्हा डोळे लाल होते. तिसऱ्या कर्जापुढे तिनं 'पत्नीच्या उपचारासाठी' एवढंच लिहिलं आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला. मेस्त्रींनी सही केली.

स्कूटर आणि बायकोच्या बांगड्या विकून तडजोडीची रक्कम उभी राहिली. आई गेल्यापासून रोज संध्याकाळी येणारा मुलीचा फोन मात्र ती सासरी परतल्यावर बंद झाला. तो तीन आठवड्यांनी आला.

"बँकेचं पत्र आलं का?"

"आलं. मिटलं सगळं."

"बरं," ती म्हणाली.

पुढे कुणीच काही बोललं नाही. पण फोनही कुणी ठेवला नाही.