तेल पोचलं नाही म्हणून थांबवलं

मी तेलाचा पंप बोलतोय. बोलतोय कसला, सात वर्षं कोकलतोय! भाईंदर पूर्वेला, गोडदेवच्या बाजूच्या एका गाळ्यात स्टीलचे डबे बनवणारी मोठी प्रेस आहे. तिच्या अंगाला बसवलेली निळी पेटी म्हणजे मी. पोटात चार लिटर तेल, बाहेर तांब्याच्या बारीक नळ्या. दर दहा मिनिटांनी प्रेसच्या प्रत्येक बेअरिंगला आपणहून तेल पाजायचं, हे माझं काम. आणि तेल पुढे गेलं नाही, तर लाल दिवा लावून प्रेस बंद करायची.

माझ्या आधी तेल द्यायचं काम वाल्मिककडे होतं. जालन्याकडचा, पेणकरपाड्यात राहणारा, कमी बोलणारा माणूस. मशीन थांबवली तर माल कमी निघतो, म्हणून चालत्या प्रेसला शिडी लावून त्याला वर चढवायचे. एक्क्याण्णव साली त्याची बाही फिरत्या चाकात गेली. बाही फाटली म्हणून जीव वाचला, पण हात कोपरात मोडला. मग कुठे जयंतीभाई सेठनी मला आणलं आणि वाल्मिकला प्रेस चालवायला बसवलं.

"चला, आता चढायला नको," म्हणत त्याने माझ्या झाकणावरून हात फिरवला. तेवढंच काय ते माझं कौतुक. बाकीच्यांचं काय सांगू! माझ्या डोक्यावर चहाचे ग्लास ठेवायचे. तेल भरताना झाकण उघडं टाकून जेवायला जायचे. पॉलिशची सगळी धूळ माझ्या पोटात. आत एक जाळी असते, ती महिन्याला धुवायची. सोबतच्या कागदावर चित्रासकट लिहिलं होतं. त्या कागदात कुणीतरी भजी बांधून नेली.

ब्याण्णवच्या दसऱ्याला मला हार घातला, कुंकू लावलं, पुढ्यात नारळ फोडला. जाळी मात्र तशीच. दुसऱ्याच दिवशी ती पार तुंबली. मी दिवा लावला, प्रेस थांबवली. सुपरवायझर महिपत तणतणत आला. हा गोडदेवचाच.

"तेल तर भरलेलं हाय! ही पेटीच खराब हाय."

"तेल आहे साहेब, पण पुढं जात नसंल," वाल्मिक म्हणाला. "उघडून बघू."

"दिवाळीची ऑर्डर हाय. टाइम न्हाय."

त्याने वायरचा एक तुकडा जोडला आणि प्रेस थांबवायची माझी ताकदच काढून घेतली. दिवा जळत राहिला, प्रेस धडधडत राहिली. वाल्मिकने दोनदा आठवण करून दिली, दोनदा ओरडा खाल्ला. तिसऱ्या दिवशी जळका वास आला, धूर निघाला आणि बेअरिंग जळून प्रेस जाम झाली. नऊ दिवस काम बंद. दिवाळीची ऑर्डर दुसरीकडे गेली.

प्रेस दुरुस्त झाली, तेव्हा महिपत सेठना म्हणतो कसा, "ही पेटी काढून टाकू. वाल्मिक पहिल्यासारखा वर चढून तेल देईल."

वाल्मिकचा हात अजून सरळ होत नव्हता. "मी नाही चढणार," तो म्हणाला. "कामावरून काढा."

मग त्याने सगळ्यांसमोर माझं झाकण उघडलं, जाळी उपसून सेठच्या हातात दिली. डांबरासारखी काळी. त्यानंतर वायरचा तो तुकडा दाखवला. इतकी वर्षं खाली मान घालून वावरलेला माणूस, पण त्या दिवशी त्याने नजर हलवली नाही. कामावरून काढलं असतं तर घरी काय सांगणार होता, कोण जाणे.

सेठनी जाळी पाहिली, वायर पाहिली, महिपतकडे पाहिलं. "प्रेस चालू करो," ते म्हणाले. "महिपतभाई, आज तुम चढो."

महिपत दोन पायऱ्या चढला. समोर माणसाएवढं चाक गरगरत होतं. तो तेलाचा डबा धरून तसाच उभा राहिला आणि हळूच खाली उतरला.

"रॉकेल आणा रे," तो म्हणाला. "जाळी धुवायची हाय."

तेव्हापासून जाळी महिपतच धुतो. महिन्याची दोन महिन्यांनी, कुरकुरत, पण धुतो. आता वाल्मिक गावी परत जातोय, त्याच्या जागी नवा माणूस येणार. बाबा रे, तू कोण आहेस मला ठाऊक नाही. मी प्रेस थांबवली की एक शिवी घाल, दोन घाल, माझी तक्रार नाही. तिसरी घालण्याआधी मात्र झाकण उघडून बघ.