रूपाबाईचं टोपडं

जनकाबाई भिकाबाईच्या चुलीपुढं पालथी पडून आत डोकावत होती आणि भिकाबाई तिच्यामागं उभी राहून अपराध्यासारखी बोलत होती.

"तुमच्या चुलीचं मागलं तोंड लई लांब पडतं, बाई. म्हून मी ते अलीकडं घेतलं. राग तं न्हाई आला?"

"राग काहून येईल? भाजी शिजती का त्याच्यावर?"

"भाकरी व्हईस्तोवर वरण शिजतं."

"मंग झालं तं." जनकाबाई उठून बसली. तिच्या नाकाला काजळी लागली होती. "आजपासून ह्याला भिकाबाईचा वैल म्हनायचं. चहा टाका आता."

हट्टा गावात बिनधुराची चूल पहिल्यांदा घातली ती जनकाबाईनं, मोठा दुष्काळ सरल्यावरच्या उन्हाळ्यात. त्यात फार करामत नव्हती. मातीच्या चुलीला मागून भोक पाडलं, रिकाम्या डब्यांची बुडं काढून ते एकात एक बसवले आणि ते नळकांडं माळवदाच्या सवण्यातून, छतातल्या उजेडाच्या भोकातून, वर काढलं. निम्मा धूर वर जायचा, निम्मा घरातच घोटाळायचा. तिचा नवरा माणिकराव म्हणाला, "आधी नुस्ता धूर व्हता. आता नळकांडंबी झालं."

पण बायका बघायला येऊ लागल्या. येईल तिला जनकाबाई माती कशी मळायची इथपासून सगळं सांगायची. अट एवढीच, की शिकली तिनं मागेल तिला शिकवायचं, आणि चुलीत काही बदल केला तर जनकाबाईला चहाला बोलावून दाखवायचा. बदल चांगला निघाला तर त्याला करणारीचं नाव लागायचं आणि जनकाबाई तो दुसऱ्या घरी जाऊन सांगायची. वाईट निघाला तर चहा संपवून ती म्हणायची, "बघू. पावसाळा जाऊ द्या." मंजुळाबाईनं धुराड्याला मोराचं तोंड केलं होतं. धूर मोराच्या चोचीतून निघून थेट भाकरी थापणारीच्या डोळ्यांत जायचा. त्या मोराचाही पावसाळा जायचा होता.

या सगळ्यात गावातली सगळ्यात वाईट चूल जनकाबाईचीच राहिली. कुणाचं काही नवं ऐकलं की ती आधी आपली फोडायची. माणिकराव दुपारी शेतातून निघताना येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचा, "आमची चूल हाय का मोडली?" आणि मग ठरवायचा, घरी जायचं की भावाकडं.

एक गोष्ट मात्र कुणाला सुटत नव्हती. पश्चिमेचं वारं सुटलं की धूर नळकांड्यातून उलटा घरात यायचा. जनकाबाईनं वर परात उपडी घालून पाहिली. ती उडून शेजारच्या गोठ्यात म्हशीवर पडली आणि म्हशीनं पान्हा चोरला. शेवटी तोड काढली बौद्धवाड्यातल्या रूपाबाईनं. तिनं डब्याच्या अंगाला उभ्या चिरा देऊन पट्ट्या बाहेर वळवल्या आणि तो डबा नळकांड्यावर पालथा बसवला. धूर बाहेर जायचा, वारं आत शिरेना. गावानं त्याला रूपाबाईचं टोपडं म्हटलं. जनकाबाई रूपाबाईच्या घरी बसून चहा प्यायली तेव्हा कुजबुज झाली. पण धूर सगळ्यांच्याच डोळ्यांत जात होता, म्हणून टोपडी भराभर चढली.

चढलं नाही ते फक्त जनकाबाईच्या थोरल्या जावेच्या माळवदावर. लक्ष्मीबाईंनी धाकटीची चूल पाहून, वसमतहून गवंडी आणून तशीच सिमेंटची बांधून घेतली होती आणि पुढं पडदा लावला होता.

"तू समद्यांला सांगत हिंडतीस," त्या म्हणायच्या, "उद्या तुला कोन इचारंल?"

जनकाबाईनं टोपड्याचं नाव काढलं तेव्हा त्या म्हणाल्या, "रूपाबाईचं टोपडं, आन् माझ्या घरावर? सोयरे काय म्हनतील?"

सोयरे वैशाखात आले. लक्ष्मीबाईंच्या लेकीची, मनकर्णाची सुपारी फुटायची होती. सेनगावहून जीप भरून माणसं आली. नवऱ्या मुलाची आई द्वारकाबाई हिला पडद्यामागची चूल दाखवायचं आधीच ठरलेलं होतं. पुरण शिजत आलं आणि वारं फिरलं. पडदा सारायची गरज उरली नाही. पडद्यातून धूरच बैठकीत आला. पाहुणे डोळे पुसू लागले. मुलाच्या मामांचं नाक असं वाहू लागलं, की ओसरीवरच्या माणसांना वाटलं, आत पाठवणीच सुरू झाली.

लक्ष्मीबाई मागच्या दारानं जनकाबाईकडं आल्या. तोंड काळं झालेलं, पदर सुटलेला.

"जनके, चल. धूर उलटा येऊन राहिला."

"मला टोपडं जमत न्हाई, अक्का. रूपाबाईला बोलवा."

"तू बोलव."

"चूल तुमची हाय. मी संगं येते."

मागून मामांची शिंक ऐकू आली. लक्ष्मीबाईंनी पदर खोचला आणि त्या चालू लागल्या.

रूपाबाई अंगणात तूर निवडत बसली होती. माळवदावरचा धूर तिला तिथूनही दिसत होता.

"रूपाबाई, जरा घरी यावं लागतं," लक्ष्मीबाई म्हणाल्या.

"घरी म्हंजी वसरीपातुर, का चुलीपातुर?"

लक्ष्मीबाईंना खोकल्याची उबळ आली. ती खरी होती की कसं, हे जनकाबाईला कधीच कळलं नाही.

"चुलीपातुर," त्या म्हणाल्या.

रूपाबाईनं डबा कापला, माळवदावर चढून बसवला. मग खाली येऊन ती चुलीपुढं बसली. नळकांडं आणि सिमेंट यांच्यामध्ये गवंड्यानं बोटभर फट ठेवली होती. तिच्यात तिनं माती दाबून भरली. हळूहळू भिंती दिसू लागल्या, मग माणसं.

द्वारकाबाई डोळे पुसत आत आली. "हे कुनी केलं?"

लक्ष्मीबाईंनी जनकाबाईकडं पाहिलं. जनकाबाई पुरण हलवत राहिली.

"ह्या रूपाबाईनं," लक्ष्मीबाई म्हणाल्या. आणि एकदा सुरुवात झाल्यावर त्यांना थांबता येईना. "वैल भिकाबाईचा. आन् मूळ चूल आमच्या धाकटीची."

"मंग तुमचं काय?"

"सिमिट माझं."

द्वारकाबाई हसली. "रूपाबाई, आमाला शिकवाल का?"

"शिकवीन. पर पुढं तुमाला बी शिकवावं लागंल," रूपाबाई म्हणाली आणि उठली.

तिचे हात कोपरापर्यंत मातीनं भरले होते. लक्ष्मीबाईंनी रांजणातून तांब्या भरून घेतला आणि मोरीपाशी जाऊन, अंग चोरून, वरून पाणी घालायला तो उंच धरला. रूपाबाईनं हात पुढं केले नाहीत. जनकाबाईच्या हातातला डाव थांबला.

लक्ष्मीबाईंचा हात खाली आला. त्यांनी तांब्या रूपाबाईच्या हातात दिला.

रूपाबाईनं सावकाश, नखांतली माती काढत, हात धुतले. तांब्याला लागलेली माती धुऊन काढली. मग तो रांजणात बुडवून भरून घेतला, जागेवर ठेवला आणि रांजणावर झाकण नीट बसवलं.