उचललेला भंडारा

बिरुदेव नऊ मतांनी पडला. मतमोजणीच्या मंडपात त्याच्या बाजूनं आकडे लिहायला मीच बसलो होतो. शेवटच्या फेरीचा आकडाही मी नीट, सुवाच्य अक्षरात लिहिला, याचीच मला लाज वाटली. आमच्या घरात बिरुदेव सोडून अकरा मतं आहेत.

बिरुदेव माझा चुलतभाऊ. त्याचे आईबाप लवकर गेले आणि माझ्या आईनं, दगडाबाईनं, त्याला माझ्याच ताटात जेवू घालून वाढवलं. महापालिकेची निवडणूक इतकी वर्षं लांबली की आम्ही ती विसरूनही गेलो होतो. अचानक जाहीर झाली आणि बिरुदेवाला तिकीट मिळालं. तेही धुळाप्पांच्या विरोधात.

धुळाप्पा म्हणजे आमचे मागचे नगरसेवक. करोनात वडील गेले तेव्हा भाऊबंदांनी दारं लावून घेतली. बिरुदेव पुण्यात अडकलेला. धुळाप्पांनी गाडी आणली, सरण रचायला स्वतः हात लावला. तेराव्याला आईनं बिरोबापुढचा भंडारा मुठीत उचलला आणि त्यांना शब्द दिला, "या घराचं मत तुमचं." भंडारा म्हणजे देवाची हळद. ती उचलून दिलेला शब्द आमच्यात मोडत नाहीत. मोडला तर लेकराबाळांवर कोप होतो म्हणतात. तेव्हा बिरुदेव कधी उभा राहील असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

मतदानाच्या सकाळी आईनं आम्हा दहाही जणांना देव्हाऱ्यापुढं उभं केलं.

"आई, बिरू हाय त्यो," मी म्हणालो. "आन् आत बटन कोण बघतंय?"

"ज्याचा भंडारा हाय त्यो बघतोय की. तुला पोरगी हाय. मुकाट धुळाप्पाला दाबायचं."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी शिकलेला, बँकेत नोकरी करणारा माणूस. पण मशीनपुढं उभा राहिलो, माझी लेक सृष्टी डोळ्यांपुढं आली आणि मी धुळाप्पांचं बटण दाबलं. बाकीच्या नऊ जणांनीही तेच केलं. एरवी भाजी कुठली करायची यावर आमच्या घरात एकमत होत नाही.

निकालानंतर बिरुदेव माझ्याबरोबरच घरी आला. ओट्यावर बसून बूट काढता काढता म्हणाला, "दादा, पाच मतं जरी हिकडची तिकडं झाली असती, तरी आलो असतो की."

मला त्याच्याकडं बघवेना. मी स्वयंपाकघरात गेलो. आई भाकरी थापत होती.

"ऐकलंस का? पाच माणसं, आई. आपल्याच घरातली. तुझ्या शब्दापायी आमी दहा जणांनी त्याला पाडला."

"अकरावं मत त्याचंच हाय," ती म्हणाली. "माझा हात धुळाप्पाकडं गेलाच न्हाय रं. मी बिरूलाच दाबलं."

मला तिचा भयंकर राग आला.

"मग आमालाच का अडवलंस?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला.

"तुमी लेकराबाळांची मानसं. देवाचं काय असंल त्ये माझ्या एकटीवर येऊ दे. जा, हाक मार त्याला. सकाळपासनं उपाशी हाय."